भुकेचे गणित आणि पाण्याचा हिशेब

गोदावरीच्या काठावरचे पुणतांबा हे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे भाविकांना आणि शिर्डीकडे वळणाऱ्या रेल्वेमार्गामुळे प्रवाशांना पूर्वीपासून ठाऊक होते. १ जून २०१७ रोजी या गावातून सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला काही दिवस अडला आणि ताटातले अन्न कोठून येते, याची आठवण शहरवासीयांना झाली. त्या अन्नाची मोजदाद मात्र संप असो वा नसो, दरवर्षी होतच असते. पुणतांब्यासारख्या हजारो गावांत हंगामाच्या अखेरीस चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही शेत निवडले जाते, दोरी आणि खुंट्यांनी त्यात एक चौकोन आखला जातो, त्यातले पीक कापून, मळून, तोलून पाहिले जाते. या पीककापणी प्रयोगांच्या आकड्यांवर जिल्ह्याचे उत्पादन ठरते आणि पीकविम्याची भरपाईही ठरते. आपल्या शेतातला हा चौकोन कोणी शास्त्रशुद्ध केला, हे बहुतेक शेतकऱ्यांना माहीत नसते. ज्यांनी तो केला त्यांच्यापैकी एक प्रमुख नाव म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

पिकाची मोजणी करणाऱ्या या मराठी संख्याशास्त्रज्ञाने पुढे साऱ्या जगाची भूक मोजली. ती मोजताना त्यांच्या लक्षात आले की, धान्याचे कोठार आणि माणसाचे शरीर यांच्यामध्ये आणखी दोन गोष्टी उभ्या आहेत. एक, शरीराचे स्वतःचे रसायन. आणि दुसरी, पिण्याचे पाणी. या शोधाने त्यांना मोठी कीर्ती दिली आणि उतारवयात तितकाच मोठा वादही दिला. त्या वादाचा निकाल आजही पूर्णपणे लागलेला नाही. म्हणूनच त्यांचे चरित्र पुन्हा एकदा समजून घेण्याजोगे आहे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. साताऱ्याचा हा पूर्वेकडचा टापू पावसाच्या बाबतीत कायमच हात आखडलेला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि उच्च शिक्षणासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या इतिहासात त्या काळातील लंडनला फार मोठे स्थान आहे. रोनाल्ड फिशर, एगॉन पिअर्सन आणि जर्झी नेमन हे या शास्त्राचे तीन शिल्पकार तेथे एकाच वेळी काम करीत होते. फिशर आणि नेमन यांचे आपापसात पटत नसे. पण या तरुण मराठी विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंकडून शिकून घेतले. १९३६ साली त्यांना पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एस्सी. ही पदवी मिळाली.

नेमन यांनी १९३४ साली नमुना पाहणीचा पाया घातला होता. मोठ्या समूहाचे अंतरंग जाणण्यासाठी प्रत्येकाला मोजण्याची गरज नसते. समूहाचे नीट थर पाडून, प्रत्येक थरातून चिठ्ठ्या टाकून थोडेसेच नमुने घेतले तरी खात्रीलायक अंदाज बांधता येतो आणि त्या अंदाजात किती चूक संभवते हेही सांगता येते, असा तो विचार होता. भातातले एक शीत दाबून भात शिजला की नाही हे ठरवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे तत्त्व पटेल. फक्त ते शीत भांड्याच्या कोणत्या भागातून घ्यायचे, हे मनावर सोडायचे नाही, एवढाच शास्त्राचा आग्रह. सुखात्मे यांनी या सिद्धांतात १९३५ सालीच भर घातली. पण कागदावरचा हा सिद्धांत हिंदुस्थानच्या मातीत उतरवणे, हे त्यांचे खरे काम ठरले.

१९४० सालापासून जवळपास बारा वर्षे ते कृषी संशोधन परिषदेत दिल्लीला होते. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने काढला जात असे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. यंदा बारा आणे की आठ आणे, हे गावकामगार नजरेने ठरवीत. नजर ज्याची त्याची वेगळी आणि तिच्यामागचे हितसंबंधही वेगळे. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली आणि देशात नेमके धान्य किती आहे याचा विश्वासार्ह आकडा सरकारकडे नाही, ही गोष्ट उघडी पडली. विनायक गोविंद पानसे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह सुखात्मे यांनी गव्हाच्या आणि भाताच्या शेतांत पीककापणीची पद्धत बसवली. गावे चिठ्ठीने निवडायची, गावातले शेतही चिठ्ठीनेच, आणि शेतातला चौकोनही चिठ्ठीने येईल तेथेच आखायचा.

याच कामातून त्यांचा पहिला मोठा वाद उद्भवला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस हे अगदी लहान आकाराचे तुकडे कापून उत्पादनाचा अंदाज घेत होते. खर्च कमी आणि काम झटपट, हा त्यातला फायदा. सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, तुकडा जितका लहान, तितका अंदाज फुगतो. कारण साधे होते. चौकोनाच्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मोठ्या चौकोनात अशा काठावरच्या ताटांचे प्रमाण नगण्य असते; लहानात तेच आकडा बिघडवते. सीमारेषा कोठे आखली यावर सत्य किती बदलते, हा धडा सुखात्मे यांना शेताच्या बांधावर मिळाला. पुढे माणसांच्या भुकेची रेषा आखतानाही तोच त्यांच्या कामी आला.

१९४७ साली भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषद स्थापन झाली. डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे अध्यक्ष आणि सुखात्मे तिच्या मागची मुख्य प्रेरणा. १९५४ साली नमुना पाहणीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्यापीठांत पाठ्यपुस्तक म्हणून लागला. पानसे आणि सुखात्मे या जोडगोळीने शेतीतील प्रयोगांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तकही त्याच वर्षीचे. देशातल्या कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी ते आजही या दोघांच्या आडनावांनीच ओळखतात.

यानंतरची दोन दशके रोममध्ये गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगातील किती माणसे उपाशी आहेत, हा प्रश्न तेथे त्यांच्यापुढे आला. त्या वेळी या प्रश्नाला फार मोठी आणि फार ढोबळ उत्तरे दिली जात. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातील दोन-तृतीयांश माणसे अर्धपोटी असल्याचे म्हटले होते. आकडा हृदय हेलावणारा होता, पण तो कसा काढला हे सांगणे अवघड होते. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे आपली पद्धत मांडली. त्यांच्या हिशेबाने जगातील दहा ते पंधरा टक्के माणसांना पोटभर अन्न मिळत नव्हते. निकस आहाराचे बळीही धरले तर संख्या निम्म्यापर्यंत जात होती. भूक आणि निकस आहार या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात, हा त्यातला महत्त्वाचा विचार. १९६३ साली या सोसायटीने त्यांना गाय पदक देऊन गौरवले. आज अन्न व कृषी संघटना दरवर्षी जगातील भुकेचा जो आकडा प्रसिद्ध करते, त्याच्या पद्धतीचे मूळ सुखात्मे यांच्या या मांडणीत आहे. २०२४ सालासाठी तो आकडा सुमारे ६७ कोटी ३० लाख इतका होता.

ही पद्धत समजायला अवघड नाही. समजा, एका गावात शंभर धडधाकट माणसे आहेत आणि सगळी पोटभर जेवतात. त्यांच्या जेवणातील उष्मांक मोजले तर सरासरी, समजा, २४०० भरेल. पण प्रत्येक जण नेमके २४०० उष्मांक घेत नाही. कोणी १९०० वर तृप्त असतो, कोणाला २९०० लागतात. आता २४०० च्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी, अशी व्याख्या केली, तर या शंभरांतली जवळपास निम्मी माणसे पोट भरलेले असूनही उपाशी ठरतील. सरासरी ही गरज नव्हे आणि गरजेला दोन्ही बाजूंना मोठा पसारा असतो, एवढेच सुखात्मे सांगत होते. तेव्हा भुकेची रेषा सरासरीवर न आखता, निरोगी माणसांच्या गरजेच्या पसाऱ्याच्या खालच्या टोकाला आखली पाहिजे.

हाच विचार त्यांनी प्रथिनांना लावला. १९६० च्या दशकात जगभर प्रथिनांच्या टंचाईचा बोलबाला होता. गरीब देशांतील मुलांना प्रथिने मिळत नाहीत म्हणून त्यांच्या शरीराची आणि बुद्धीची वाढ खुंटते, असे मानून प्रथिनयुक्त पिठे आणि पूरक खाद्ये तयार करण्याच्या योजना आखल्या जात होत्या. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या संकटाचा इशाराही दिला. सुखात्मे यांनी भारतीय आहाराच्या पाहण्यांचे आकडे तपासले आणि १९७० साली निष्कर्ष मांडला की, भाकरी-भात-डाळीचा आहार पोटभर असेल तर त्यात प्रथिने बहुधा पुरेशी असतात. आहारच अपुरा असेल तर शरीर प्रथिने जाळून ऊर्जा मिळवते आणि मग टंचाई प्रथिनांची भासते. हैदराबादचे आहारतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांचेही निष्कर्ष याच दिशेचे होते. काही वर्षांतच जागतिक मतही बदलले. महागड्या पिठांपेक्षा मुलाच्या ताटात रोजचेच अन्न पुरेसे पडणे महत्त्वाचे, हे मान्य झाले. १९७१ साली भारत सरकारने सुखात्मे यांना पद्मभूषण दिले.

त्याच सुमारास ते पुण्याला परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आजची आघारकर संशोधन संस्था) काम करू लागले. वयाची साठी उलटली होती. एवढी कारकीर्द झाल्यावर माणूस मानसन्मान घेत निवांत बसला असता. सुखात्मे यांनी मात्र आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त सिद्धांत याच काळात मांडला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत शेल्डन मार्गेन यांनी काही तरुणांना दीर्घकाळ देखरेखीखाली ठेवून, ठरावीक आहार देऊन, त्यांच्या शरीरात जाणारा आणि बाहेर पडणारा नायट्रोजन मोजला होता. प्रथिनांचा जमाखर्च कळण्याचा हा नेहमीचा मार्ग. आहार रोज सारखा असूनही हा जमाखर्च रोज सारखा येत नसे. काही दिवस शिल्लक, काही दिवस तूट, असे हेलकावे दिसत. सुखात्मे यांनी या आकड्यांचे विश्लेषण करून म्हटले की, हे हेलकावे मोजमापाच्या चुका नव्हेत. शरीर स्वतःच आपले रसायन सावरत असते. अन्न कमी आले तर ते अधिक काटकसरीने वापरते, जास्त आले तर सैल हाताने खर्च करते, आणि एका मर्यादेपर्यंत वजन व कामाची ताकद दोन्ही टिकवते. म्हणजे गरजेचा पसारा दोन माणसांमध्ये असतो, तसाच तो एकाच माणसात वेगवेगळ्या काळीही असतो. १९७८ आणि १९८२ साली सुखात्मे व मार्गेन यांनी हा सिद्धांत अमेरिकेतील आहारशास्त्राच्या नियतकालिकात मांडला.

भारतात याचा अर्थ लगेच राजकीय झाला. पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. दरडोई २२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च, ही त्यांची दारिद्र्याची रेषा. तिच्या आधारे १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दरिद्री ठरत होते. पुढे नियोजन मंडळाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० उष्मांकांची रेषा धरली. सुखात्मे यांचा सिद्धांत मानला तर रेषा बरीच खाली सरकत होती आणि उपाशी माणसांची संख्या निम्म्याहूनही कमी होत होती.

दांडेकर हे साताऱ्याचेच आणि संख्याशास्त्रातही मुरलेले. १९८१-८२ साली या दोघांचा वाद इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर रंगला. दांडेकरांचा मुद्दा थोडक्यात असा : पोटभर जेवणारा माणूस कमी खातो, ते त्याला कमी लागते म्हणून, गरीब माणूस कमी खातो, ते त्याच्यापाशी नसते म्हणून. दोघांच्या ताटात सारखेच उष्मांक असले तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. शिवाय खालच्या टोकाला रेषा आखली, तर ज्याची गरज खरोखरच मोठी आहे, असा ओझी वाहणारा, खडी फोडणारा माणूस तिच्या वर राहूनही उपाशी असेल. गोपालन यांची टीका आणखी तीक्ष्ण होती. याच सुमारास अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर यांनी, भारतातील पुष्कळ मुले लहानखुरी असली तरी निरोगीच आहेत, असा विचार मांडला. तो सुखात्मे यांनीच संपादित केलेल्या १९८२ सालच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला होता. कमी अन्नावर जगणारे शरीर वाढ थांबवून, हालचाल कमी करून जगते, ही शहाणी काटकसर नसून चुकवलेली किंमत आहे, असे गोपालन यांनी सांगितले. श्रीमंतांच्या मुलांना जे प्रमाण लागू, तेच गरिबांच्या मुलांना का नको, हा त्यांचा सवाल होता.

नंतरच्या संशोधनाने या टीकेला बळ दिले. अन्न कमी झाल्यावर शरीर ऊर्जा वाचवते हे खरे, पण ते बहुतांशी वजन घटवून आणि हालचाल कमी करून. दोन्ही टिकवून केवळ रसायनाच्या बळावर मोठी तूट भरून काढता येते, याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. खुंटलेल्या वाढीचे परिणाम मुलाच्या शिक्षणावर आणि पुढच्या आयुष्यावर होतात, हेही पुढे स्पष्ट होत गेले. सुखात्मे यांच्या सिद्धांतातला पहिला भाग, म्हणजे माणसामाणसांतील गरजेचा पसारा, शास्त्राने आत्मसात केला. दुसरा भाग टिकला नाही, असेच म्हणावे लागते.

पण या गदारोळात त्यांच्या मांडणीचा तिसरा भाग जवळजवळ ऐकलाच गेला नाही, आणि कदाचित तोच सर्वांत मोलाचा होता. पुरेसे खाऊनही मुले अशक्त का राहतात, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर होते पाणी. दूषित पाणी, उघड्यावरचा शौच, जंत आणि वारंवार होणारी हगवण यांमुळे पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. तापात ऊर्जा जळते, भूक मरते, आतड्याचे अस्तर झिजते आणि शोषण मंदावते. गरीब, उष्ण प्रदेशांत राहणाऱ्या, वरवर निरोगी वाटणाऱ्या माणसांच्याही आतड्यांत असे बदल असतात, हे १९६० च्या दशकातील तपासण्यांतून दिसले होते. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, फुटक्या मडक्यात पाणी ओतत राहण्यापेक्षा आधी मडके सांधावे. पूरक आहाराच्या योजनांबरोबरच, किंबहुना त्यांच्या आधी, शुद्ध पाणी, स्वच्छता आणि आरोग्यशिक्षण यांवर पैसा खर्च करावा, असा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. त्यांना गरिबांचे अन्न तोडायचे होते, असे मानणाऱ्यांनी हा भाग वाचला नसावा. तसेच केवळ आकडा लहान करायला त्यांचा आधार घेणाऱ्यांनीही तो वाचला नसावा.

पुणतांबा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती. ती अन्नाची आणि पाण्याची होती. आरोळे दांपत्याने कूपनलिका खोदवल्या, मुलांच्या आहाराची सोय केली आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अतिसाराच्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजायला त्या शिकल्या. बालमृत्यू घटले, मुले अंगाने भरली आणि जामखेडचे नाव जगभर झाले. अन्न आणि पाणी यांच्यात निवड करायची नसते, दोन्ही एकाच वेळी द्यायचे असते, हे या कामाने दाखवले. सुखात्मे यांच्या वादाला मिळालेले ते सर्वांत चांगले उत्तर म्हणता येईल.

अलीकडच्या मोठ्या चाचण्याही हाच तोल सांगतात. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे हजारो कुटुंबांना पाणी निर्जंतुक करण्याची, हात धुण्याची आणि शौचालयाची साधने देऊन मुलांची उंची मोजली गेली. २०१८-१९ साली निकाल आले, ते अपेक्षाभंग करणारे होते : नुसत्या या साधनांनी उंची वाढली नाही, पूरक आहाराने थोडी वाढली. घरात एक संडास आणि क्लोरीनची बाटली पोहोचवल्याने सारा परिसर स्वच्छ होत नाही, असा त्याचा अर्थ अनेक तज्ज्ञांनी लावला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के आणि महाराष्ट्रातील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. महाराष्ट्र हे श्रीमंत राज्य असूनही देशाच्या सरासरीलाच चिकटून आहे, ही गोष्ट केवळ धान्याच्या हिशेबाने उलगडत नाही.

सुखात्मे यांच्या विचाराचा एक धागा आजच्या शहरी पालकांपर्यंतही येतो. आहार, पिण्याचे पाणी आणि शरीरातील रसायन यांचा मुलाच्या मेंदूशी काय संबंध, हा प्रश्न स्वमग्न मुलांच्या घरात रोज विचारला जातो. असा संबंध असूच शकत नाही, असे नाही. नॉर्वेचे डॉ. ॲस्ब्यॉर्न फोलिंग यांनी १९३४ साली फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात दोष शोधला. त्यात प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही, तो साठत जातो आणि मेंदूची वाढ बिघडते. काही मुलांत स्वमग्नतेची लक्षणेही दिसतात. १९५० च्या दशकात त्यावर विशेष आहाराचा उपाय सापडला. जन्मल्याबरोबर निदान करून असा आहार दिला तर मूल सामान्यपणे वाढते. पण हा विरळा दोष आहे. स्वमग्नतेत अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. गहू-दूध वर्ज्य करून किंवा विशिष्ट पाणी देऊन ती बरी होते, असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. तरीही आहार बदलला आणि मूल सुधारले, असा अनुभव पुष्कळ पालक प्रामाणिकपणे सांगतात. येथे सुखात्मे यांचा हेलकाव्यांचा धडा उपयोगी पडतो. कोणतेही मूल रोज सारखे वागत नाही. पालक नवा उपाय सुरू करतात तो बहुधा मुलाच्या वाईट दिवसांत, आणि वाईट दिवसांनंतर बरे दिवस आपोआपही येतात. त्या बदलाचे श्रेय मग उपायाला जाते. हेलकावा कोणता आणि परिणाम कोणता, हे ओळखायचे तर तुलनेसाठी तसाच दुसरा गट लागतो. आधीच मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या ताटातून आणखी पदार्थ काढून घेण्याआधी पालकांनी हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात सुखात्मे यांचे निधन झाले. केंद्र सरकार ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देते. सामान्य वाचकाला मात्र हे नाव फारसे परिचित नाही. आकड्यांचे काम करणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा असेच येते. आकडा राहतो, माणूस विसरला जातो.

सुखात्मे यांच्या साऱ्या आयुष्याचे सार रेषा आखण्यात होते. शेतातल्या चौकोनाची रेषा त्यांनी अचूक आखली. भुकेची रेषा आखताना त्यांनी सरासरीचा भ्रम दूर केला, पण गरिबाच्या शरीरावर नको तितका विश्वास टाकला. त्या चुकीपलीकडेही त्यांचा मूळ प्रश्न उरतोच. घराघरांत नळ देण्याची जलजीवन योजना २०१९ साली सुरू झाली, त्याआधी २०१४ पासून शौचालये बांधली गेली. आता नळाला येणारे पाणी बारा महिने येते का आणि ते पिण्याजोगे असते का, याची मोजणी पिकाच्या मोजणीइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. गोदाकाठच्या गावांत दरवर्षी चौकोन आखून पीक तोलले जाते. त्याच गावांतल्या अंगणवाडीत मुलाचे वजन घेतले जाते आणि जवळच पाण्याची टाकी असते. पीक, मूल आणि पाणी या तिन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत राहतात. त्या एकत्र ठेवून वाचाव्यात, एवढेच या संख्याशास्त्रज्ञाचे आपल्याकडे मागणे होते.